स्पीकरवरची आई

बायोडाट्यात भाषांची एक ओळ असते. तिच्यात हिंदी आणि इंग्रजी एवढंच लिहिलं तर ती फार बोडकी दिसत होती, म्हणून मी शेवटी मराठी जोडून दिली. रायपुरात मराठीबद्दल कोण विचारायला बसलंय, असं वाटलं होतं. विचारलं. नोकरीला लागून धड महिनाही झाला नव्हता.

नोकरी समता कॉलोनीतल्या एका फिजिओथेरपी सेंटरमधली. माझं काम काउंटरवरचं होतं. पेशंटना वेळा द्यायच्या, विम्याचे कागद जुळवायचे, सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. त्याआधी मी तेलीबांध्याच्या एका ऑफिसात होते. त्या ऑफिसला एक दिवस कुलूप लागलं आणि मग बरेच महिने मी घरी बसून आईच्या पेन्शनवर जेवले. बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते, त्यांच्या मागे तिला मिळते ती पेन्शन. त्यामुळे काउंटरवरच्या त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर माझा फार जीव होता. तिथून मला कुणी उठवू नये, एवढंच मागणं होतं.

मॅडमनी उठवलं. सेंटरचा सगळा कारभार बघणाऱ्या या मॅडम बिलासपूरच्या. आवाज गोड, आणि नकोसं काम गळ्यात घालायचं असलं की त्या 'बेटा' म्हणायच्या. एरवी सगळ्यांना नावानं हाक.

"बेटा, आपको मराठी आती है ना?"

"थोडी-थोडी," मी म्हटलं.

"बस, थोडी ही चाहिए."

काम असं होतं. ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतल्या एका मराठी काकूंना लकवा मारला होता. उजवा पाय त्या थोडाफार उचलू लागल्या होत्या, पण वाचा गेली होती ती परतत नव्हती. आमच्याकडे बोलण्याचे व्यायाम घेणारी जी दीदी होती, तिनं हिंदीत सगळं करून पाहिलं होतं. चित्रांची कार्डं दाखवली, आकडे म्हणून दाखवले. काकू भिंतीकडे बघत बसायच्या. दीदीचं म्हणणं, अशा वेळी लहानपणची भाषा आधी परत येते, आणि त्यातही रोजची तोंडात बसलेली बोलणी सगळ्यांत आधी. नमस्कार, या, बसा, जेवलात का. काकूंच्या घरी ती भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं. काका गेलेले, सून जबलपूरची, नातवंडं हिंदीत वाढलेली. मुलगा रोज त्यांना गाडीतून आणून सोडायचा, तोही 'चलो आई, उतरो' म्हणायचा. तेव्हा आता मी रोज अर्धा तास काकूंच्या समोर बसून मराठीत बोलायचं, असं मॅडमनी ठरवलं होतं. काउंटर कोण बघेल, म्हणून मी एक क्षीण प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, तेवढा वेळ मी बसते. झालं, संपलं.

हे काम मला का नको होतं, त्याचं एक कारण सांगण्यासारखं होतं, ते मी सांगितलं. मला बोलता येत नाही. ते काही खोटं नव्हतं. वाचायला मला आईनंच शिकवलं, विहारातल्या पुस्तकांवर, त्यामुळे लिहिता-वाचता चांगलं येतं. पण शाळेत गेल्यापासून तोंडात हिंदी बसली ती बसलीच. आई मराठीत बोलते, मी हिंदीत उत्तर देते. आमच्या वस्तीत घरोघरी असंच चालतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

दुसरं कारण मी सांगितलं नाही. हिंदी माणसाला माझ्या आडनावातून काहीएक कळत नाही. एकानं तर 'साउथ के हो क्या?' म्हणून विचारलं होतं आणि मी त्याला नाही म्हटलं नव्हतं. मराठी माणसाचं तसं नसतं. त्याला आडनाव ऐकताच कळतं, आणि नाहीच कळलं तर तो 'मूळच्या कुठल्या?' म्हणतो. शाळेत माझी एक मैत्रीण होती, पिढ्यान्‌पिढ्या इथं असलेल्या मराठी घरातली. तिच्या घरी मी थेट स्वयंपाकघरात जायचे. एकदा तिच्या आत्यानं आडनाव विचारलं. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, बोलावणंही थांबलं नाही. फक्त मला पाणी बाहेरच्या खोलीत मिळायला लागलं. तेव्हापासून कुठं मराठी कानावर आली की मी हिंदी होऊन जाते. ती सवय इतकी मुरली होती की तिची मला लाजही वाटेनाशी झाली होती.

पहिल्या दिवशी काकूंच्या खोलीत जाताना मी गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून घेतलं. बोलता न येणाऱ्या बाईसमोर आडनाव लपवत होते मी. आता हसू येतं, पण तेव्हा आलं नाही.

काकू गोऱ्या, बारीक, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा. मी समोर बसून पाठ केल्यासारखं म्हटलं, "नमस्कार काकू. आपण आज काय जेवलात?" माझं मलाच ते बातम्या वाचल्यासारखं वाटलं. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी आंब्याचं कार्ड दाखवून 'आंबा, आंबा' करत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. आईचा होता. रोज दुपारी ती डब्याची चौकशी करते. हातांत कार्डं होती म्हणून मी फोन टेबलावरच स्पीकरवर टाकला, पटकन ठेव म्हणायला.

"जय भीम, बाई. डब्बा खाल्ला काय? काल भाजी तशीच वापस आनली तू. कारले नाई आवडत त सांगाचं नं, मी काहून मरून राहिली करून करून?"

आई फोन उचलला की आधी जय भीम म्हणते. स्वतः लावला तरी तेच. गॅसवाल्यालाही म्हणते. तो बिचारा पलीकडून 'हाँ माताजी' म्हणतो.

काकूंनी मान वळवली. माझ्याकडे नाही, फोनकडे. मग त्यांचा डावा हात, चांगला होता तो, हळूहळू वर उठला, कपाळापर्यंत गेला. ओठ जुळले, सुटले. "ज," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी स्वच्छ, "जय."

दीदी खुर्चीतून उठलीच. इतक्या दिवसांत काकूंच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता. ती मला दंडाला धरून म्हणत होती, 'फिर से, फिर से बुलवाओ.' पण माझं लक्ष दाराकडे होतं. काकूंचा मुलगा त्यांना न्यायला लवकर आला होता आणि दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी फोन बंद केला.

"तुमची आई का?" त्यानं विचारलं. मराठीत. तोवर तो माझ्याशी हिंदीतच बोलत आला होता.

"हो."

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"भंडाऱ्याकडच्या."

"अच्छा," तो म्हणाला आणि आईच्या चपला सरळ करायला वाकला.

त्या 'अच्छा'त काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. कदाचित काहीच नव्हतं. पण दुपारभर मी विम्याचे कागद उलटसुलट लावत बसले. मॅडमना दीदीनं सगळं सांगितलं होतं. त्या खूष होत्या. "बेटा, अब रोज मम्मी को फोन पर लाना है," त्या म्हणाल्या. नकोसं काम माझ्या गळ्यातून निघून आईच्या गळ्यात पडत होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं हे मी कबूल करते.

संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी तिला काकूंबद्दल सांगितलं. ती इतकी खुलली की मेथी बाजूलाच राहिली. काय बोलू, किती वेळ बोलू, त्या बाईले ऐकू नीट येते काय, भाजीपाल्याचं बोललं त चालते काय, नुसते प्रश्न. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी दिवसभर बाहेर आणि घरी आले की मोबाईलमध्ये. तिला कुणीतरी बोलायला बोलावत होतं.

"कुछ भी बोलो आई," मी म्हटलं. आणि मग, मोबाईलकडेच बघत, "बस वो जय भीम मत बोलना वहाँ."

तिचा हात थांबला. "काहून?"

"ऑफिस है ना. नई नौकरी है."

तिनं माझ्याकडे पाहिलं असावं. मी वर पाहिलं नाही. "हव," म्हणून तिनं होकार दिला आणि ती पुन्हा मेथी निवडायला लागली. ती भांडली असती तर मीही भांडले असते, आवाज चढवला असता, आणि त्यातून काहीतरी निघालं असतं. ती फक्त 'हव' म्हणाली. रात्री जेवताना मेथीची भाजी छान झाली होती आणि मी तसं म्हटलंही, गरजेपेक्षा दोनदा जास्त.

दुसऱ्या दिवसापासून आई रोज स्पीकरवर यायला लागली. मी फोन लावून टेबलावर ठेवायचे आणि खुर्ची मागे ओढून बसायचे. "हॅलो ताई, कशा हा?" ती सुरू करायची. तो 'हॅलो' तिच्या तोंडात मुळीच बसत नव्हता, कुणाची तरी चप्पल घालून चालल्यासारखा. पण एकदा गाडी भाजीवर आली की आईला कुणी धरू शकत नव्हतं. तांदळाच्या पिठाची धिरडी, जवसाची चटणी, वांग्याचं भरीत, रायपुरातली वांगी आणि भंडाऱ्याकडची वांगी. काकू ऐकायच्या. हळूहळू त्या एकेक शब्द परत द्यायला लागल्या. 'मीठ.' 'हो.' एकदा आई म्हणाली, भरतात लसूण नाई टाकला तरी चालते, तर काकूंनी मान जोरात हलवून 'टाक' म्हटलं. दीदी आणि मी हसलो, फोनमधून आईही हसली.

आणि मी मागे बसून माझ्याच आईबद्दल ऐकत होते. लग्न होऊन रायपुरात आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता, हे मला माहीत नव्हतं. भाजीवाल्या बाया छत्तीसगढीत बोलायच्या, ही सगळ्याला 'हव' म्हणायची, कारण दोन्हीकडे सारखं असं तेवढं एकच कळलं होतं. पहिलं वर्ष बाबा कारखान्यात गेले की ती दार लावून स्वतःशीच मोठ्यानं बोलायची, बोलणं विसरू नये म्हणून. "मंग पोट्टी झाली, तिच्यासंग बोलत राहिली मी," ती काकूंना सांगत होती. "मस्त बोले ताई ती. शाळेत गेली आन् बंद झाली. आता म्या मराठीत विचारलं त हिंदीत सांगते. जाऊ द्या, सांगते हेच खूप." मी मागे बसलेली आहे हे ती विसरली होती, की विसरली नव्हती, कोण जाणे. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण कार्डं आवरल्यासारखं करत मी तिथंच बसून राहिले.

एक गोष्ट मात्र रोज व्हायची. मी फोन लावला, पलीकडे रिंग वाजायला लागली, की काकूंचा डावा हात वर उठायचा. कपाळापाशी जाऊन थांबायचा. ओठ जुळवून त्या वाट बघायच्या. मग आई म्हणायची, "हॅलो ताई." हात तसाच थोडा वेळ राहायचा आणि मग खाली यायचा. ओठ मिटायचे. आईच्या पहिल्या फोनवेळचा तो शब्द पुन्हा आलाच नाही. मीठ आलं, टाक आलं, तो नाही आला.

दीदीच्याही ते लक्षात आलं होतं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी मम्मी जे बोलल्या ते आता का बोलत नाहीत? त्यांना सांगा ना, तेच म्हणायला. नमस्काराला माणूस आपोआप उत्तर देतो, तो धागा हाती लागला होता आपल्या. ती शब्द कुठला आहे ते बघतच नव्हती. तिला फक्त काकूंचा वर उठलेला हात दिसत होता. "बोलूँगी," मी म्हटलं, आणि बरेच दिवस बोलले नाही. मनाची समजूत घालत राहिले. काकूंच्या मनातला 'जय' दुसराच कुठला असेल, त्यांच्या घरात दुसरं काही म्हणत असतील. असेलही तसं. पण तो आणायला माझ्या आईचा आवाज लागला होता आणि मी तो अडवून धरला होता. एका म्हाताऱ्या बाईचा तोंडाशी आलेला शब्द मी माझं आडनाव झाकायला वापरत होते.

शेवटी एकदा घरी मी म्हटलं, "आई, कल से जय भीम बोलना. वो काकी राह देखती हैं."

आई कपड्यांच्या घड्या करत होती. "राहू दे आता," ती म्हणाली.

"अरे, सच में. दीदी ने भी बोला है."

"तुह्या नोकरीचं काहून खराब करू? हॅलो म्हनते नं मी. चालून राहिलं त चालू दे." तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. ती खरोखर माझ्या भल्यासाठी बोलत होती. मी तिला समजावायला हवं होतं, तिची माफी मागायला हवी होती, तेही तिच्या भाषेत. मी म्हटलं, "जैसी तुम्हारी मर्ज़ी." आणि आंघोळीला गेले.

थोड्याच दिवसांनी काकू जायच्या झाल्या. त्यांच्या मुलीनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं होतं. तिथं घरात मराठी आहे, असं मुलगा म्हणाला. शेवटच्या दिवशी तो पेढ्यांचा डबा घेऊन आला, खास माझ्या आईसाठी.

"त्यांना सांगा, फार उपकार झाले," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "आई घरीसुद्धा तसा हात वर करते. कुणाचा फोन वाजला की करते. त्या पहिल्या दिवशी तुमच्या आई जे म्हणाल्या होत्या ना, ते मी म्हणून पाहिलं एकदा. पण माझ्या तोंडून तिला नाही पटलं."

त्यानं म्हणून पाहिलं होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घरात, आपल्या आईसमोर. आणि तरीही आत्ता, माझ्यासमोर, तो शब्द त्यानं उच्चारला नव्हता. 'जे म्हणाल्या होत्या ते' म्हणाला. मीही उच्चारला नाही. आम्ही दोघं त्या एका शब्दाच्या दोन बाजूंना पेढ्यांचा डबा धरून उभे होतो, आणि त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते, ते मी त्याला कधीच विचारलं नव्हतं.

आई त्या दिवशी फोन उचलत नव्हती. विहारात कार्यक्रम होता, तिथं आवाजात तिला ऐकू आला नसेल. काकू चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मुलानं खुर्ची वळवली तेव्हा त्यांनी मला पाहिलं. आणि त्यांचा डावा हात वर उठला. फोनकडे नाही, माझ्याकडे. कपाळापाशी थांबला. ओठ जुळले.

मॅडम काउंटरवर होत्या. दीदी बाजूला होती. बाकावर तीन-चार पेशंट. सगळे कौतुकानं बघत होते.

"नमस्कार, काकू," मी म्हटलं.

हात खाली आला. मुलगा खुर्ची ढकलत बाहेर गेला आणि मॅडम म्हणाल्या, 'बहुत बढ़िया काम किया बेटा.' मी पुन्हा माझ्या गोल खुर्चीवर येऊन बसले. मला तीच हवी होती.

काकूंचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. पेढे आईनं विहारात वाटले, आणि 'माह्या मैत्रिणीनं देल्ले' असं सगळ्यांना सांगितलं. तिची ती मैत्रीण तिनं कधी पाहिलीही नाही.

आई अजून फोनवर सगळ्यांना जय भीम म्हणते. मावशीला, शेजारणीला, गॅसवाल्याला. फक्त स्क्रीनवर माझं नाव दिसलं की ती 'हॅलो' म्हणते. मी घरून निघून कोपऱ्यावरूनच फोन केला तरी हॅलो. आधी मला वाटलं, विसरेल. ती विसरली नाही. माझ्यासाठी केलेली कुठलीच गोष्ट ती विसरत नाही.

परवा दुपारी डब्याची वेळ झाली तशी मीच काउंटरवरून फोन लावला. समोर बाकावर पेशंट बसलेले होते, मॅडम आतबाहेर करत होत्या. तिनं उचलला आणि ती हॅलो म्हणायच्या आत मी म्हटलं, "जय भीम, आई." चांगलं मोठ्यानं म्हटलं. दोघातिघांनी मान वर करून पाहिलं.

मग आईनं विचारलं, "काहून बाई, बाजूले कोनी नाई काय?"

"हायेत," मी म्हटलं. "सगळे हायेत."

"मंग हळू बोल नं," आई म्हणाली.